राज्याची रोजकीर्द : नाना फडणीस

स्मरणशक्ती ही मनुष्यास लाभलेली मोठी देणगी होय. परंतु तिचा एक दोष सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ती माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबरच जाते. कारवारकडच्या आमच्या गावी, आमच्या लहानपणी, एक वृद्ध दुकानदार होते. निम्म्या गावाची उधारी त्यांना तोंडपाठ असे. कोणी चतुर्थीला किती गूळ नेला, कोणाचे शिमग्यापासूनचे किती येणे आहे, हे ते वही न उघडता सांगत, आणि त्यात एका रुपयाचीही चूक होत नसे. गावाला त्यांचे मोठे कौतुक वाटे. एके वर्षी ऐन पावसाळ्यात ते झोपेतच वारले. दिवस झाल्यावर त्यांच्या मुलाने दुकान उघडले, तेव्हा वहीत केवळ श्रीकार होता. पुढची पाने कोरी होती. काही माणसे आपणहून येऊन पैसे देऊन गेली. काहींना आपला आकडा आठवेना. काहींनी, आठवत असूनही, आठवत नाही असे सांगितले. वर्षानुवर्षे एकमेकांच्या अंगणात बसणारी दोन घरे त्या उधारीवरून बोलेनाशी झाली, आणि दोन वर्षांत दुकानाला कुलूप लागले.

ह्या गोष्टीची आठवण आम्हांस ह्या वर्षी कडोलीत, वर्गात बसल्या बसल्या झाली. संगणकाचा तास नुकताच संपला होता. एका विद्यार्थिनीने विचारले की, आईने फोनवरून मामाच्या खात्यात पैसे पाठविले आणि आईच्या खात्यातून ते वजा झाल्यावर, परंतु मामाच्या खात्यात जमा होण्यापूर्वी, तिकडच्या यंत्राची वीज गेली, तर ते पैसे कोठे जातात? प्रश्न लहान मुलीचा, पण विचार मोठा होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आमचे मन दोन शतके मागे, पुण्याच्या शनिवारवाड्यातील दप्तराकडे गेले, आणि ज्यांनी ते दप्तर नावारूपास आणले, त्या नाना फडणिसांचे चरित्र विद्यार्थ्यांसमोर ठेवावे असे आम्हांस वाटले. पेशवाईतील मुत्सद्दी म्हणून नाना सर्वांस ठाऊक आहेत. परंतु फडणीस हे त्यांचे मूळचे आडनाव नव्हे. तो त्यांचा हुद्दा होता. राज्याचा जमाखर्च आणि कागदपत्र राखणारा तो फडणीस. नानांचा हा पैलू पुष्कळदा झाकलेला राहतो.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. भानूंचे घराणे कोकणातील वेळास गावचे. श्रीवर्धनच्या भटांचा आणि भानूंचा जुना स्नेह. बाळाजी विश्वनाथ भट नशीब काढण्यास घाटावर आले, तेव्हा भानूही त्यांच्या बरोबर आले. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. इ. स. १७१९ मध्ये ते दिल्लीस गेले असता तेथील दंगलीत नानांचे आजोबा बाळाजी महादेव भानू मारले गेले. ह्या घराण्याच्या स्वामिनिष्ठेचे स्मरण पेशव्यांनी ठेवले आणि फडणिशी भानूंच्या घरी आली. अशा घराण्यात १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास नानांचा जन्म झाला. इ. स. १७५६ मध्ये वडील जनार्दनपंत वारले आणि अवघ्या चौदाव्या वर्षी घराण्याच्या हुद्द्याचा भार ह्या मुलावर पडला. ज्या वयात आपले विद्यार्थी शालान्त परीक्षेची चिंता करीत असतात, त्या वयात नाना राज्याच्या जमाखर्चाचे धडे गिरवीत होते.

नानांची प्रकृती नाजूक आणि मन धर्मनिष्ठ. तीर्थयात्रेची ओढ धरून, आई आणि पत्नी ह्यांसह, ते सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेस गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा तो भयंकर दिवस त्यांस डोळ्यांनी पाहावा लागला. एका दिवसात एक पिढी कापली गेली. नाना वेष टाकून, उपाशीतापाशी, लपतछपत, पायी वाट काढीत कसेबसे दक्षिणेस परतले. पत्नीची पुढे भेट झाली. आई मात्र त्या प्रलयात कायमची अंतरली. आपल्या आयुष्याचा हा आरंभीचा भाग नानांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला. त्यात त्यांनी आपले भय लपविले नाही की आपले दोष झाकले नाहीत. पराक्रमाच्या बढाईने भरलेल्या त्या काळात हा प्रांजळपणा विलक्षण म्हटला पाहिजे. जे घडले ते जसेच्या तसे नोंदवावे, मग ते आपल्यास लाजिरवाणे का असेना, हा फडणिसाचा पहिला धर्म होय. आणि नानांनी तो स्वतःलाही लावला.

पानिपतानंतर थोरले माधवराव पेशवे गादीवर आले. वयाने नानांहून थोडे लहान, पण करारी आणि हिशेबाला चोख असा हा धनी नानांस लाभला. खजिना रिता, सावकारांचे कर्ज डोक्यावर आणि चहूकडे शत्रू, अशा स्थितीत राज्य पुन्हा उभे करावयाचे, तर तलवारीइतकीच लेखणीही धारदार हवी, हे माधवरावांनी ओळखले. माधवरावांच्या ह्या शिस्तीत नाना तयार झाले आणि पुण्याचे हुजूर दप्तर त्यांच्या नजरेखाली एखाद्या उत्तम यंत्रासारखे चालू लागले. दोनशेच्या घरात कारकून तेथे लेखण्या झिजवीत असत.

ह्या दप्तराची रीत समजून घेण्याजोगी आहे. गावचा जमाखर्च कुलकर्णी लिही. आपल्या सीमाभागापलीकडे, कानडी मुलखात, त्यालाच शानभोग म्हणत. आमच्या कोकणी माणसांत शानभाग हे आडनाव आजही घरोघर आढळते, ते त्याच लेखणीची खूण आहे. परगण्याच्या कचेरीत निरनिराळे दरकदार असत, आणि त्यांची कामे मुद्दाम एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असत. मजुमदाराने हिशेब तपासून पसंत केल्याखेरीज तो पुढे जात नसे. फडणिसाने कागदावर तारीख घालावी आणि त्या दिवसाचे व्यवहार रोजकीर्दीत उतरावेत. दप्तरदाराने त्या रोजकीर्दीवरून खतावणी करावी आणि दरमहा तिचा गोषवारा हुजुरास पाठवावा. पोतदाराने नाणे पारखावे. एकाच्या कामावर दुसऱ्याचा डोळा राही, म्हणून एकट्याला लबाडी करणे अवघड जाई.

हुजूर दप्तराचेही विभाग होते. फडात हुकूम आणि सनदा निघत आणि तेथेच रोजकीर्द राहत असे. बेहेड्याकडे गावांचे आणि महालांचे हिशेब येत. सरंजामाचा विभाग सरदारांच्या नेमणुका पाही. एकबेरीज दप्तर मात्र कायमचे पुण्यास असे. साऱ्या हिशेबांची तेथे वर्गवारी होई. जमा किती, खर्च किती आणि शिल्लक किती, ह्यांचे तर्जुमे तयार होत, आणि खतावणीत सदरवार नोंदी तारखेसह मांडल्या जात. एखादा जुना व्यवहार शोधावयाचा, तर खतावणीवरून तारीख काढावी आणि त्या तारखेची रोजकीर्द उघडावी, की मूळ नोंद समोर येई. सरकारी पत्राच्या शेवटी मोर्तब उठविले म्हणजे मजकूर तेथे पुरा झाला. त्यापुढे मागाहून कोणी काही घुसडले, तर ते तत्काळ उघडे पडे. मोर्तब नाही तोवर कागद अपुरा, आणि अपुरा कागद म्हणजे न झालेला व्यवहार. आजही आपण एखादी गोष्ट पक्की झाली म्हणजे तिच्यावर शिक्कामोर्तब झाले असे म्हणतो.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. आजच्या बँकांची आणि रेल्वेच्या तिकिटांची खाती संगणकात असतात. अशा संग्रहास डेटाबेस म्हणतात. त्यांतील काही डेटाबेस आपली सारी माहिती संगणकाच्या रॅम नावाच्या तात्पुरत्या स्मृतीतच ठेवून काम करतात. त्यांस इन-मेमरी डेटाबेस असे नाव आहे. त्यांचा मोठा गुण वेग. जुन्या पद्धतीच्या फिरत्या डिस्कवरील एखादी नोंद शोधण्यास सेकंदाचे काही हजारांश लागतात. रॅममधील नोंद सुमारे सेकंदाच्या कोट्यंशात हाती येते. आमच्या गावचे दुकानदार वही न उघडता आकडा सांगत, त्यातलाच हा प्रकार. आणि दोषही तोच. वीज गेली की रॅममधील सारे पुसले जाते.

ह्या दोषावर शास्त्रज्ञांनी जो उपाय काढला, तो फडणिसाच्या दप्तरात शोभावा असाच आहे. काम स्मृतीत करावे. परंतु व्यवहार पक्का झाला असे सांगण्यापूर्वी त्याची नोंद डिस्कवरील रोजकीर्दीत ओळीने लिहावी. ह्या रोजकीर्दीस लॉग म्हणतात. मधून मधून साऱ्या खात्यांचे एक चित्र डिस्कवर उतरवून ठेवावे. हा जणू ताळेबंद. वीज जाऊन परत आली, म्हणजे यंत्र शेवटचा ताळेबंद वाचते, त्यानंतरची रोजकीर्द ओळीने पुन्हा चालविते आणि होते त्या जागी येऊन पोहोचते. ज्या व्यवहाराची नोंद अर्धवट आढळते, तो झालाच नाही असे धरून रद्द करते. म्हणून, दोन्ही खाती एकाच बँकेतील असली, तर आईच्या खात्यातून वजा झालेले पैसे मामाच्या खात्यात जमा तरी होतात, नाहीतर आईच्या खात्यात परत तरी दिसतात. मधल्या मध्ये ते नाहीसे होत नाहीत. रोजकीर्द दर नोंदीस डिस्कवर उतरवावी की दर सेकंदास, हे कित्येक यंत्रांत धन्याने ठरवावयाचे असते. दर नोंदीस लिहिले तर वेग थोडा उणा होतो. सेकंदाने लिहिले तर अपघातात त्या एका सेकंदाचे व्यवहार गमावण्याचा धोका राहतो. वेग आणि विश्वास ह्यांचा हा सौदा कोणास चुकलेला नाही.

ह्या शास्त्राचा पाया १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जिम ग्रे आदी शास्त्रज्ञांनी घातला; ग्रे ह्यांस त्याबद्दल १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. व्यवहार पुरा व्हावा नाहीतर मुळीच होऊ नये. तो झाल्यावर हिशेबाचे नियम मोडलेले नसावेत. एकाच वेळी चालणाऱ्या दोन व्यवहारांनी एकमेकांत ढवळाढवळ करू नये. आणि पक्का झालेला व्यवहार पुन्हा पुसला जाऊ नये, ह्या चार कसोट्या आज जगभर मानल्या जातात. शनिवारवाड्यातील कारकुनांस वीज ठाऊक नव्हती आणि संगणक तर नव्हताच. नानांनी संगणकाची कल्पना केली होती, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु माणसाची स्मृती दगा देते आणि मनुष्य मर्त्य आहे, हे दोघांनीही ओळखले, आणि दोघांनीही आधार घेतला तो रोजच्या रोज लिहिलेल्या ओळीचाच.

नानांची खरी परीक्षा पुढे झाली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव वारले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचे धाकटे बंधू नारायणराव ह्यांचा शनिवारवाड्यातच खून झाला. रघुनाथराव पेशवे होऊन बसले. तेव्हा नाना, सखारामबापू, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी एकजूट करून बारभाईचे कारस्थान उभे केले. नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई ह्यांस पुरंदरावर सुरक्षित ठेवण्यात आले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. ज्या राज्याचा धनी पाळण्यात आहे, ते राज्य कशाच्या बळावर चालते? सरदारांच्या तलवारीच्या बळावर खरेच. परंतु तितकेच, हुकूम कोणाचा, नेमणूक कोणती आणि येणे किती, हे निर्विवाद सांगणाऱ्या कागदांच्या बळावरही.

इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष घेतला आणि युद्ध पेटले. १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांस नामुष्कीचा तह करावा लागला. पुढे महादजी शिंदे ह्यांच्या मध्यस्थीने मे १७८२ मध्ये सालबाईचा तह ठरला. परंतु पुण्याहून त्यास मान्यता देण्याची नानांनी घाई केली नाही. तिकडे म्हैसूरचा हैदर अली इंग्रजांशी लढत होता आणि त्या लढ्याचा कल पाहावयाचा होता. कित्येक महिने तह ठरूनही पुरा झाला नव्हता. हैदर वारल्यावर मगच नानांनी त्यास मान्यता दिली. शेवटचा शिक्का उठेपर्यंत काहीच पक्के नसते, हे दप्तरातले सूत्र त्यांनी राजकारणातही असे वापरले.

महादजी शिंदे आणि नाना ही त्या काळची दोन थोर माणसे. एक उत्तरेत फौजा चालवी. दुसरा पुण्यात कारभार चालवी. १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले, तेव्हा हिंदुस्थानातील मोहिमांच्या हिशेबाचा वाद निघाला. महादजींचे म्हणणे असे की, मोहिमांच्या खर्चापोटी सरकारकडूनच आपले येणे आहे. नानांचे म्हणणे असे की, आधी हिशेब दाखवावा. रणांगणावर देह झिजविणाऱ्या सरदाराला हिशेब मागणे कित्येकांस रुचले नाही. परंतु हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. जेथे हिशेब मोकळेपणाने मागता येतो आणि देता येतो, तेथेच विश्वास टिकतो. हा वाद पुरता मिटण्यापूर्वीच १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडी येथे वारले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत सारे मराठे सरदार निजामाविरुद्ध एकत्र उभे राहिले आणि विजयी झाले. तो नानांच्या कारभाराचा कळस म्हटला पाहिजे.

चरित्र लिहिताना गुणांबरोबर दोषही लिहावेत, तरच ते चरित्र खरे. नानांनी कागद जितका नीट राखला, तितकी माणसे राखली नाहीत. राज्याचे सारे धागे त्यांनी आपल्या एकट्याच्या हाती ठेवले. तरुण पेशव्याला त्यांनी कडक देखरेखीत वाढविले, पण स्वतंत्रपणे कारभार करण्यास शिकविले नाही. आपल्यामागे हे ओझे पेलील असा वारस त्यांनी तयार केला नाही. दप्तरातील प्रत्येक कामास दोन माणसे लावणाऱ्या ह्या पुरुषाने मसलतीच्या कामात स्वतःला जोडीदार ठेवला नाही. जमाखर्च त्यांनी वहीत उतरविला. राजकारण मात्र आपल्या मस्तकातच ठेवले. आमच्या गावच्या त्या दुकानदारांची चूक एका दुकानाच्या मापाची होती. नानांची चूक एका राज्याच्या मापाची ठरली.

२७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू झाला आणि सारा डाव विस्कटला. पेशवाईच्या गादीसाठी कारस्थानांना ऊत आला. अखेर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाले. १७९७ च्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांस दग्याने पकडले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. पुढील वर्षी त्यांची सुटका झाली. परंतु जुने दिवस परतले नाहीत. सोबतीही एकेक करून निघून गेले. परशुरामभाऊ पटवर्धन १७९९ मध्ये आपल्याच निपाणी-चिकोडी भागातील पट्टणकुडीच्या लढाईत पडले. १३ मार्च १८०० रोजी पुण्यास नानांचे देहावसान झाले. त्यानंतर अठरा वर्षांत पेशवाई बुडाली.

दुसऱ्या बाजीरावांच्या काळात दप्तराची आबाळ झाली. महाल मक्त्याने दिले जाऊ लागले. अधिक रक्कम बोलील त्याला वसुलीचा अधिकार मिळे. मग बारीकसारीक हिशेब कोण विचारतो? रयत नाडली जाऊ लागली, आणि आपल्यावर अन्याय झाला हे दाखविण्यास तिच्यापाशी नोंद उरली नाही. हिशेबाची वही बंद पडते तेव्हा पहिला फटका गरिबाला बसतो, कारण श्रीमंताची बाजू सांगण्यास माणसे असतात; गरिबाची बाजू सांगणारा कागद तेवढाच असतो.

तरीही जे लिहिले गेले होते, ते उरले. पेशव्यांचे दप्तर पुण्यात आजही जतन केलेले आहे. कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद तेथे आहेत. १९३० च्या सुमारास गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी त्यांतून निवडलेले कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली येथे नानांचा वाडा आणि सुंदर घाट आहे. तेथील दप्तरातूनही इतिहासास मोठे धन मिळाले. आपल्यापासून फार दूर नसलेल्या मिरजेस राहून वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी पटवर्धनांचे कागद वर्षानुवर्षे वाचले, त्यांचे ऐतिहासिक लेखसंग्रह छापले आणि नानांचे चरित्रही लिहिले. राज्य गेले, वाडे पडले, तोफा गंजल्या. पण कोणत्या तारखेस कोणास काय दिले, हे सांगणारी ओळ शाबूत राहिली.

विद्यार्थी मित्रहो, नानांच्या चरित्रातून मुत्सद्देगिरी शिकण्याचा योग आपल्यापैकी थोड्यांनाच येईल. परंतु रोजकीर्द लिहिणे प्रत्येकास शक्य आहे. घरी ऊस, भात किंवा भाजीपाल्याचा व्यवहार होत असेल, तर एक वही घाला. तिच्यात तारीख घाला. दिलेले आणि घेतलेले दोन्ही लिहा, अर्धे लिहून ठेवू नका, आणि चूक झाली तर ती खोडून लपवू नका. खाली दुरुस्तीची नवी ओळ लिहा. ती वही घरातील आणखी एकास तरी वाचता येईल अशी ठेवा. आजोबांस सारे पाठ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. उलट आज संध्याकाळीच त्यांच्यापाशी बसा आणि ते सांगतील ते उतरून घ्या.

आमच्या गावच्या त्या बंद दुकानाच्या दारावरून आम्ही सुट्टीत अजूनही जातो. त्या दुकानदारांच्या सचोटीविषयी कोणासही शंका नव्हती. त्यांनी रोज रात्री एकच ओळ लिहिली असती, तर त्या दोन घरांची अंगणे आजही एक राहिली असती.